तिसरा महिना सरण्याआधी

माझ्या आजोळच्या ग्रामपंचायतीची जुनी मृत्यू-नोंदवही मी पहिल्यांदा चाळली ती वेगळ्याच कामासाठी. १९७२च्या दुष्काळानंतरच्या दोनतीन वर्षांत गावात किती माणसे गेली आणि कशाने गेली, याचा अंदाज मला घ्यायचा होता. कारणांच्या रकान्यात ठरावीक शब्द होते : ताप, हगवण, खोकला, म्हातारपण, सर्पदंश, बाळंतरोग. १९७४च्या पानावर बोट फिरवताना एक नाव आले आणि बोट थांबले. ते माझ्या मावशीचे नाव होते. वय २३. कारण : पोटदुखी.

घरात ही मावशी 'श्रावणात कळ येऊन गेली' एवढ्याच वाक्यात शिल्लक होती. नोंदवही पाहून आले त्या रात्री मी आईला विचारले, "आई, मावशीला तेव्हा दिवस गेले होते का गं?" आई बराच वेळ निवडत असलेल्या तांदळाकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "दोन महिने वर झाले होते. तिसरा सरल्याशिवाय सांगायचं नाही म्हणून कुणाला बोलली नव्हती. मला तेवढं ठाऊक होतं." थोड्या वेळाने तिने आणखी एक गोष्ट सांगितली. "दुपारपासून पोटात दुखत होतं, थोडं अंगावर जात होतं. संध्याकाळी म्हणायला लागली, खांदा दुखतोय. आम्ही हसलो. पोटदुखीत खांदा कसा दुखेल? ओवा दिला, पोट शेकलं. बाजारच्या गावातल्या डॉक्टरांनी वाताचं इंजेक्शन दिलं. रात्री दोनदा चक्कर आली. पहाटे गाडी जुंपली, पण नदीपलीकडे पोचली नाही."

मी डॉक्टर नाही. शाळेच्या कार्यालयात कारकुनी करता करता जुनी कागदपत्रे वाचण्याचा नाद लागला आणि त्यातून जे शिकता आले ते शिकले. त्यामुळे पन्नास वर्षांपूर्वीच्या मृत्यूचे निदान करण्याचा अधिकार मला नाही. पण आईचे ते 'खांदा दुखतोय' हे वाक्य डोक्यातून जाईना. त्याचा माग काढत गेले तेव्हा दिसले, की चुकलेली पाळी, ओटीपोटात एका बाजूला दुखणे, थोडा रक्तस्राव, चक्कर आणि खांद्याच्या टोकाशी कळ ही लक्षणे वैद्यकाच्या पुस्तकांत एका ओळीत बसलेली आहेत. त्या ओळीवरचे नाव आहे गर्भाशयाबाहेरची गर्भधारणा. खेड्यातल्या दवाखान्यांत तिला 'नळात राहिलेला गर्भ' म्हणतात.

या व्याधीवरची शस्त्रक्रिया १८८३ साली सिद्ध झाली. म्हणजे मावशी गेली तेव्हा तो उपाय नव्वद वर्षांचा जुना होता. मग नव्वद वर्षे नेमके काय अडले होते, हा या लेखाचा प्रश्न आहे.

*

गर्भ पहिल्या महिन्यांत गळू शकतो, हे माणसाला फार पूर्वीपासून ठाऊक आहे. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात चौथ्या महिन्यापर्यंत जातो तो स्राव आणि गर्भाचे शरीर घट्ट झाल्यावर पाचव्या-सहाव्या महिन्यात होतो तो पात, असा स्पष्ट भेद केला आहे. चरकसंहितेच्या शारीरस्थानात गर्भिणीला रक्त दिसले तर काय करावे याचे तपशील आहेत आणि दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात रक्त दिसल्यास गर्भ टिकणार नाही असे समजावे, कारण तो अजून 'अजातसार' असतो, असेही म्हटले आहे. त्यातला कोणता उपचार आज टिकतो हा वेगळा विषय. पण कितव्या महिन्यात आणि काय दिसले, हे आधी विचारून मग निर्णय करायचा ही पद्धत त्यात आहे. वैद्यकीय तपासणीची सुरुवात याच प्रश्नाने होते.

आपल्या बोलीतही हे ज्ञान आहे. 'दिवस गेले', 'पाळी चुकली', 'अंगावर जातंय', 'गर्भ गळाला', 'खाली झाली' हे शब्द बायकांनी बायकांसाठी घडवले. मात्र ते चुलीपाशी बोलायचे शब्द. सरकारी नोंदवहीत त्यांना जागा नव्हती. इंग्रजी अमदानीत मृत्यूंची वर्गवारी पटकी, देवी, ताप, हगवण, श्वसनाचे विकार, अपघात आणि 'इतर' अशा मोजक्या मथळ्यांखाली होई आणि पुढे गावपातळीवर तीच सवय राहिली. बाळंतपणात गेलेली बाई निदान 'बाळंतरोग' म्हणून तरी मोजली जाई. तिसऱ्या महिन्याआधी गेलेली बाई मात्र पोटदुखीत किंवा 'इतर'मध्ये मिसळून जाई.

गर्भाशयाबाहेरच्या गर्भाचे पहिले वर्णन बहुधा कॉर्डोबाच्या अल-जहरावीचे मानले जाते. दहाव्या-अकराव्या शतकातल्या या शल्यविशारदाने एका स्त्रीच्या पोटावरच्या गळवातून गर्भाची हाडे बाहेर आल्याचे लिहून ठेवले आहे. असा गर्भ बहुतेक वेळा बीजवाहक नळीत रुजतो. शंभरातल्या नव्वदाहून अधिक वेळा जागा हीच असते. नळी करंगळीहूनही बारीक. गर्भ वाढत जातो तशी ती ताणते आणि साधारण सहाव्या ते दहाव्या आठवड्यात फुटू शकते. रक्त बाहेर न पडता पोटात साठते, त्यामुळे अंगावर जाणाऱ्या रक्तावरून आतला अंदाज येत नाही. साठलेले रक्त वर श्वासपटलाला लागले, की तिथल्या मज्जातंतूची वेदना मेंदू खांद्यावर वाचतो. मावशीचा खांदा दुखला असेल तो असा. ओटीपोटात रक्त उतरले की शौचाला लागल्यासारखे वाटते, कधी जुलाब आणि ओकारीही होते. म्हणून हा आजार वात, हगवण किंवा अजीर्ण अशी सोंगे घेतो.

*

१८७६ साली फिलाडेल्फियाच्या जॉन पॅरी या डॉक्टरने या विषयावर एक ग्रंथ लिहिला. तोवर छापून आलेल्या पाचशे रुग्णांच्या हकिकती त्याने गोळा केल्या होत्या. त्यांतल्या ३३६ दगावल्या होत्या. एक उपाय दिसतो आणि तो करायला कुणी धजत नाही, अशी त्याची तळमळ होती : पोट उघडावे, फुटलेल्या जागेची रक्तवाहिनी बांधावी आणि रक्त थांबवावे. तो स्वतः त्याच वर्षी वारला.

पाच वर्षांनी, १८८१च्या उन्हाळ्यात, इंग्लंडमध्ये एक बाई अशीच पडली होती. हॉलराइट या डॉक्टरने बर्मिंगहॅमचा नामांकित शल्यविशारद लॉसन टेट याला तिथे बोलावून घेतले. हॉलराइट काही मोठा शल्यविशारद नव्हता. पण निदान त्याने आधीच केले होते, नळी फुटली आहे. एवढेच नव्हे, तर पोट उघडून ती नळी काढून टाका, असेही त्यानेच सुचवले. टेट त्या काळात पोटाच्या शस्त्रक्रियांत सर्वांत धाडसी समजला जाई. त्याला मात्र ही सूचना पटली नाही. बाई पुन्हा रक्तस्राव होऊन गेली. मृत्यूनंतर तपासणी झाली, तेव्हा टेटच्या लक्षात आले की एक दोरा बांधला असता तर ती वाचली असती. पुढे आपल्या व्याख्यानांत त्याने ही हकीकत स्वतः सांगितली आणि त्या सूचनेला होकार न दिल्याची लाज वाटते, अशी कबुलीही दिली.

१७ जानेवारी १८८३ रोजी टेटने ती शस्त्रक्रिया पहिल्यांदा केली. ती रुग्ण दगावली. त्याने पद्धत बदलली, रक्तवाहिनी थेट तळाशी बांधायला सुरुवात केली. मार्चमध्ये पुढची रुग्ण वाचली आणि त्यानंतरच्या चाळीसएक रुग्णांतल्या बहुतेक सगळ्या वाचल्या. पॅरीच्या हिशेबात पाचशेपैकी दोन-तृतीयांश मरत होत्या; टेटच्या हाताखाली बहुतेक सगळ्या जगू लागल्या. वैद्यकाच्या इतिहासात इतका सरळ पालट फार थोड्या ठिकाणी दिसतो.

इतिहासात टेटचे नाव राहिले आणि ते योग्यच आहे. पण मला या गोष्टीत हॉलराइट जास्त महत्त्वाचा वाटतो. आजार आधी ओळखला तो त्याने आणि मोठ्या डॉक्टरला बोलावून आणले तेही त्यानेच. दाराशी आलेल्या बाईचे म्हणणे नीट ऐकून तिला योग्य हातांत पोचवणे याला आपल्याकडच्या आरोग्य खात्याच्या भाषेत 'संदर्भ सेवा' म्हणतात. आम्हा कागद धुंडाळणाऱ्यांनाही संदर्भ हा शब्द रोजचा. संदर्भ चुकला की विधान पडते. इथे तो चुकला किंवा मोठ्या माणसाने नाकारला, की बाई मरते.

*

१८८३ हे साल आपल्याकडेही लक्षात राहिलेले आहे. त्या वर्षी फेब्रुवारीत बंगालमधल्या श्रीरामपूर इथे आनंदीबाई जोशी यांनी भर सभेत, आपण डॉक्टर व्हायला अमेरिकेला का जातो आहोत, हे सांगितले आणि एप्रिलमध्ये त्या कलकत्त्याहून बोटीत बसल्या. चौदाव्या वर्षी झालेले त्यांचे मूल दहा दिवसांत गेले होते. हिंदुस्थानातल्या बायका पुरुष डॉक्टरांपुढे दुखणे सांगत नाहीत, म्हणून स्त्री डॉक्टर हव्यात, हा त्यांच्या म्हणण्याचा गाभा होता. त्या शिकल्या त्या पॅरीच्याच फिलाडेल्फियात. १८८६ साली पदवी घेताना त्यांनी प्रबंधाचा विषयही आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र हा घेतला. त्याच १८८३च्या डिसेंबरात एडिथ पीची ही इंग्रज डॉक्टर मुंबईत उतरली. मुंबईच्या नागरिकांनी निधी उभारून स्त्री डॉक्टर आणण्याची मोहीम चालवली होती. त्यातूनच १८८६ साली, स्त्री डॉक्टरांच्या हाती असलेले कामा रुग्णालय उभे राहिले.

टेटचा दोरा आणि आनंदीबाईंची बोट एकाच वर्षातली असली, तरी त्यांचा एकमेकांशी थेट संबंध नाही, ते मला ठाऊक आहे. पण दोन्ही गोष्टी शेजारी ठेवल्या की कोडे उलगडायला मदत होते. बर्मिंगहॅममध्ये सापडला तो उपाय. तो वापरायचा तर आधी कुणीतरी विचारायला हवे होते, 'पाळी कधी आली होती?' आपल्याकडे हा प्रश्न कोण, कुणाला, कुणासमोर विचारू शकतो, हीच अडचण होती. आनंदीबाई ती सोडवायला निघाल्या होत्या. १८८७च्या फेब्रुवारीत, प्रत्यक्ष काम सुरू करण्याआधीच, क्षयाने त्या गेल्या.

या अडचणीला कायद्याचीही एक बाजू होती. १८६०च्या भारतीय दंडविधानातले ३१२वे कलम गर्भपात घडवून आणणाऱ्याला शिक्षा सांगत होते आणि आपणहून गर्भ पाडणाऱ्या बाईलाही त्यातून सूट नव्हती. स्त्रीचा जीव वाचवण्यासाठी केलेला गर्भपात तेवढा वगळलेला होता. पण ज्या बाईला नैसर्गिकपणे रक्त जाऊ लागले तिच्याकडे शेजारी, पोलीस आणि कधी डॉक्टरही कोणत्या नजरेने पाहत असतील, याची कल्पना करता येते. विधवा किंवा कुमारिका असेल तर विचारायलाच नको. आतून रक्त वाहत असताना 'मला काही झालेलं नाही' असे सांगत राहणे तिला जास्त सुरक्षित वाटे. महाराष्ट्राचे आरोग्यमंत्री शांतिलाल शाह यांच्या अध्यक्षतेखाली केंद्र सरकारने नेमलेल्या समितीने १९६६ साली अहवाल दिला, त्यावरून १९७१चा वैद्यकीय गर्भपाताचा कायदा झाला आणि १ एप्रिल १९७२पासून तो लागू झाला. मावशी त्यानंतर दोन वर्षांनी गेली. कायदा बदलला तरी भीती दोन वर्षांत जात नाही. शिवाय तिच्या बाबतीत भीती कायद्याची नव्हतीच. ती नजर लागण्याची होती.

*

गर्भ आहे की नाही हे निश्चित सांगणारी पहिली विश्वसनीय चाचणी १९२०च्या दशकाच्या अखेरीस बर्लिनमध्ये आशहाइम आणि झोंडेक यांनी बसवली. बाईची लघवी उंदराच्या पिल्लांना टोचायची आणि काही दिवसांनी त्यांची बीजकोशे तपासायची. पुढे उंदरांच्या जागी ससे आणि आफ्रिकेतले बेडूक आले. १९६०नंतर प्राण्यांची गरज संपली. १९७२ साली अमेरिकेत ज्युडिथ व्हाइटुकायटिस आणि तिच्या सहकाऱ्यांनी रक्तातले गर्भाचे संप्रेरक अचूक मोजण्याची रीत काढली. त्यामुळे दर दोन दिवसांनी आकडा कसा चढतो, यावरून गर्भ कुठे आणि कसा आहे याचा अंदाज बांधता येऊ लागला. १९७४ साली ही रीत मोठ्या प्रयोगशाळांपुरती होती.

दुसरी वाट ध्वनिलहरींची. ग्लासगोच्या इयन डोनाल्डने १९५५ साली एका बॉयलर कारखान्यात धातूतल्या भेगा शोधायचे यंत्र पाहिले आणि त्यावर बाईच्या पोटातून काढलेल्या गाठी ठेवून पाहिल्या. जॉन मॅकव्हिकर आणि टॉम ब्राउन यांच्यासोबतचा त्याचा निबंध जून १९५८मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आला. सत्तरच्या दशकात पहिल्या तीन महिन्यांतल्या गर्भाची लांबी आणि हृदयाची धडधड दिसू लागली. ऐंशीच्या दशकात योनिमार्गे होणारी सोनोग्राफी आली आणि पिशवी गर्भाशयात आहे की नाही हे आणखी आधी कळू लागले. वेळेवर सापडलेल्या काही गर्भांना आता शस्त्रक्रियाही लागत नाही, मेथोट्रेक्सेट या औषधावर भागते.

साधने वाढली तरी बाईची फरपट थांबली नव्हती. अंगावर जाऊ लागले की तिने रात्री अपघात विभागात जायचे, कनिष्ठ डॉक्टरने दाखल करायचे, मग सोनोग्राफीच्या वाराची वाट पाहायची, आणि हे सगळे बाळंतिणींच्या वॉर्डात, इतरांच्या बाळांची रडणी ऐकत. ब्रिटनमधल्या ग्लॉस्टर इथल्या बिग्रिग आणि रीड या डॉक्टरांनी १९९१ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये साधी गोष्ट मांडली : सुरुवातीच्या गर्भारपणातल्या तक्रारींसाठी वेगळा कक्ष काढा, चाचणी, सोनोग्राफी आणि निर्णय एकाच ठिकाणी करा. त्यामुळे दाखल राहण्याचे दिवस कमी झाले, खर्च वाचला. असे कक्ष मग त्या देशभर निघाले.

त्याच देशात १९५२पासून प्रत्येक मातामृत्यूची गोपनीय चौकशी होत आली आहे. कुणाला शिक्षा करण्यासाठी नव्हे, काय चुकले ते समजण्यासाठी. या चौकशांनी पुन्हा पुन्हा बजावले, की बाळंतपणाच्या वयातल्या बाईला जुलाब, ओकारी, चक्कर असेल तर पोट बिघडले असे धरून चालू नका, आधी गर्भाची चाचणी करा. 'नाइस' या तिथल्या संस्थेने डिसेंबर २०१२मध्ये दिलेल्या मार्गदर्शनात तीन गोष्टी नोंदल्या आहेत. गर्भाशयाबाहेरची गर्भधारणा दर हजारात साधारण अकरा बायकांना होते. त्यांतल्या ज्या दगावतात त्यांच्यापैकी जवळपास दोन-तृतीयांश मृत्यूंत उपचारातली उणीव सापडते. आणि ज्यांना तिथली भाषा येत नाही, ज्या नव्याने तिथे आल्या आहेत, त्यांना धोका अधिक. सगळी यंत्रे असलेल्या देशातसुद्धा जिचे बोलणे समजत नाही ती बाई जास्त मरते.

*

आता पुन्हा आपल्या मुलखात. १९८९ साली राणी बंग, अभय बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा गडचिरोली जिल्ह्यातल्या दोन गावांचा अभ्यास 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाला. ६५० बायका तपासल्या होत्या. त्यांतल्या ९२ टक्के बायकांना स्त्रीरोग होते आणि याआधी कधीतरी तपासणी झालेल्या बायका होत्या फक्त ८ टक्के. गर्भमार्गाचा जुना जंतुसंसर्ग हे नळीत गर्भ अडकण्याचे एक मोठे कारण आहे. म्हणजे ज्या बायकांना धोका जास्त, त्यांना कधी कुणी विचारलेच नव्हते.

बायका बोलत नाहीत असे म्हणणे सोपे आहे. बोलायला जागा होती का, हे मला एका निवृत्त नर्सबाईंकडून कळले. १९८०च्या दशकात त्या एका डोंगरी भागातल्या उपकेंद्रात एकट्या होत्या. त्या म्हणाल्या, "ताई, घरी गेलं की पहिलं काम सासूला चहा ठेवायला लावायचं. चहा होईस्तोवर पाच मिनिटं मिळतात. तेवढ्यात विचारायचं, पाळी कधी आली होती, दुखतं कुठं, चक्कर आली का. पापणी खाली ओढून बघायची, नाडी धरायची. पाळी चुकलेली, एका बाजूला दुखणं आणि चक्कर, एवढं ऐकलं की चिठ्ठी लिहीत बसायचं नाही. आधी गाडी बघायची. चिठ्ठी गाडीत लिहायची."

अशीच एक बाई त्यांनी दूध संघाच्या टेम्पोतून तालुक्याला नेली. तिथल्या डॉक्टरांनी पोट दाबून पाहिले आणि गॅस आहे, परत न्या, असे सांगितले. नर्सबाई हलल्या नाहीत. शिकाऊ असताना सिव्हिलमध्ये त्यांनी एक तपासणी पाहिली होती. योनिमार्गाच्या मागच्या बाजूने सुई घालून पोटातले द्रव काढायचे. न गोठणारे रक्त आले तर आत रक्तस्राव आहे असे समजायचे. सोनोग्राफी नसलेल्या काळात हीच तपासणी निर्णय देई. "मी म्हटलं, साहेब, एकदा सुई घालून बघा. काही नाही निघालं तर मी माफी मागते. ते चिडले. तुम्ही नर्स का डॉक्टर, म्हणाले. पण सुई घातली. सिरिंज भरून काळं रक्त आलं. मग मात्र धावपळ झाली." बाई वाचली. पुढे तिला दोन मुले झाली.

हे ऐकताना मला टेटला बोलावून नेलेली ती खोली आठवत होती. तिथे हॉलराइटचे कुणी ऐकले नाही, इथे ऐकले गेले. दोन्हीकडे आधी कळले ते खालच्या पायरीवरच्या माणसाला. संदर्भ सेवा म्हणजे चिठ्ठी आणि गाडी, असे आपण धरतो. त्यात तिसरी एक गोष्ट असते : खालून आलेल्या चिठ्ठीवर वरच्याने विश्वास ठेवणे.

गेल्या वीस वर्षांत बरेच बदलले. २००५च्या ग्रामीण आरोग्य अभियानातून आशा आल्या, त्यांच्या पिशवीत लघवीतून गर्भ ओळखायचे 'निश्चय' किट आले. २०१४पासून महाराष्ट्रात १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका धावते. सोनोग्राफी तालुक्यापर्यंत पोचली. गर्भलिंगनिदान रोखण्यासाठी महाराष्ट्राने १९८८ साली देशात पहिला कायदा केला, १९९४ साली केंद्राचा झाला. त्यामुळे ते यंत्र नोंदणी झालेल्या जागेत आणि पात्र डॉक्टरच्याच हाती राहते. मुली वाचवण्यासाठी तो निर्बंध आवश्यक होता. पण म्हणूनच डॉक्टरपर्यंत पोचवणारी साखळी आपल्याकडे अधिक भक्कम असायला हवी, कारण उपकेंद्रात बसून नर्सला गर्भाची जागा पाहता येणार नाही. तिच्याजवळ असते ते किट, नाडी आणि प्रश्न.

माता का दगावतात याचा विचार करताना थॅडियस आणि मेन या अभ्यासकांनी १९९४ साली तीन विलंब सांगितले : जायचे ठरवण्यातला, पोचण्यातला आणि पोचल्यावर उपचार मिळण्यातला. मावशीच्या गोष्टीत तिन्ही आहेत. पण त्यांच्याही आधी एक गोष्ट आहे. तिसरा महिना सरेपर्यंत सांगायचे नाही, हा आपला जुना संकेत. त्यामागे शहाणपण नाही असे मी म्हणणार नाही. पाचातला साधारण एक गर्भ सुरुवातीलाच जातो. मग गावभर झालेला बोभाटा आवरण्यापेक्षा गप्प राहिलेले बरे, असे बायकांना वाटले असेल तर ते समजण्यासारखे आहे. पण नळी फुटते ती नेमकी याच गुप्ततेच्या आठवड्यांत. ज्या काळात बाईला सर्वांत जास्त धोका, त्याच काळात तिच्या पोटाविषयी घरात कुणालाही माहीत नसते, आणि जिला माहीत असते ती धाकटी बहीण बोलू शकत नाही. गावाला सांगू नये, हे ठीक. एका जाणत्या माणसाला पहिल्याच महिन्यात सांगावे, एवढा बदल त्या संकेतात करायला हरकत नसावी. हल्ली बहुतेक गावांत आशाताई हे ते माणूस असू शकते.

*

जागतिक आरोग्य संघटनेची मातामृत्यूची व्याख्या वाचताना मी एका ठिकाणी थबकले. गर्भारपणात किंवा ते संपल्यापासून ४२ दिवसांत, गर्भारपणाशी निगडित कारणाने झालेला मृत्यू. गर्भ कितीही दिवसांचा असो आणि कोणत्याही जागी असो. हे शेवटचे चार शब्द नळीत अडकलेल्या गर्भांसाठीच आहेत. २०१०नंतर आपल्याकडेही प्रत्येक मातामृत्यूचे अन्वेषण करण्याच्या राष्ट्रीय सूचना आल्या. गावात बाळंतपणाच्या वयातली बाई गेली, की 'तिला दिवस होते का', हे विचारणे आता सरकारी काम आहे.

त्यानंतर मी ती नोंदवही पुन्हा एकदा पाहून आले. १९७० ते १९८० या दहा वर्षांत पंधरा ते चाळीस वयाच्या बायकांपुढे 'पोटदुखी' हे कारण आणखी सहा ठिकाणी आहे. त्या सहा जणींना काय झाले होते हे सांगणारे आता कुणी उरलेले नाही. त्यामुळे त्यांची संख्या कुठल्याही हिशेबात धरता येत नाही, आणि मीही धरलेली नाही. नोंदवहीत खाडाखोड करायची नसते. माझ्या वहीत मात्र मावशीच्या नावापुढे मी लिहून ठेवले आहे : मातामृत्यू, बहुधा. माहिती देणारी, तिची बहीण.

आईला ते वाचून दाखवले. ती म्हणाली, "बहुधा कशाला? खांदा दुखतोय म्हणाली होती ना ती."